उताणेबाईंच्या सव्वीस उशा

उताणे हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. पण नव्यानं आलेल्या पोस्टमननं एकदा 'श्रीमती उताणे, दुसरा मजला' असा पत्ता लिहिलेलं पाकीट बिनचूक त्यांच्याच दारात टाकलं, आणि त्या दिवसापासून त्यांनी हरकत घेणं सोडून दिलं.

गल्लीत कुणाकडे बाळ जन्मलं की आठवड्याच्या आत उताणेबाई हजर. खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत एक जाडजूड वही, खोलीचं तापमान बघायचं यंत्र आणि वाळू भरलेला साडेतीन किलोचा कापडी बाहुला. त्याचं नाव ढब्बू. ढब्बूला मांडीवर घ्यायचं, आणि बाळाच्या आईला, आजीला, आजोबांना, दारातून डोकावणाऱ्या शेजारणीला एकच पाढा ऐकवायचा: "उताणं झोपवायचं. दिवसा काय, रात्री काय, उताणंच. गादी कडक आणि सपाट. डोक्याखाली उशी नाही, अंगावर पांघरुणांचा ढीग नाही, शेजारी खेळणी नाहीत. आपल्याच खोलीत, पण त्याच्या त्याच्या छोट्या पलंगात. आणि घरात सिगारेट नाही. आजोबा, तुमच्याकडेच बघून बोलतेय मी."

घरी यजमान म्हणायचे, "सगळी गल्ली उताणी झोपवलीस. आता मी घोरतो त्याला जबाबदार कोण?"

"तुमचं वय एक वर्षाच्या वर आहे. तुम्ही पालथे झोपा, नाहीतर बसून झोपा. तुम्ही माझ्या वहीत नाही."

हे काम त्यांना उशिरा मिळालं. त्याआधी अठरा वर्षं त्या बाळांच्या कपड्यांच्या दुकानात काउंटरला होत्या. मूल नुसतं बघून त्याचं माप सांगायच्या. मग दुकान बंद पडलं, आणि त्याच सुमारास मोठ्या इस्पितळात एक उपक्रम सुरू झाला. धडधाकट दिसणारी तान्ही बाळं झोपेतच अचानक का जातात, याचा शोध घेण्यासाठी सरकारनं निधी दिला होता. एकाच निधीवर तीन कामं चालायची, तिवईच्या तीन पायांसारखी. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी कारणं शोधायची. घरोघर फिरणाऱ्या बाईंनी झोपवायची रीत शिकवायची आणि प्रत्येक घरात काय दिसलं ते वहीत टिपायचं. ही टिपणंही डॉक्टरीणबाईंच्या संशोधनात जायची. आणि ज्या घरातलं बाळ गेलं, त्या घराला आधार द्यायचा. तिसऱ्या कामासाठी कागदावर एक ओळ होती, पण ते करायचं कसं हे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

बाईंची वही म्हणजे बाईंचा जीव. एकेचाळीस घरं, प्रत्येक घराला एक पान, आणि 'उशी नाही' या रकान्यात एकेचाळीस बरोबरच्या खुणा. दर महिन्याला त्या वही डॉक्टरीणबाईंपुढे ठेवायच्या, आणि डॉक्टरीणबाई चष्म्यावरून बघत म्हणायच्या, "सगळीच्या सगळी घरं? वा." त्या 'वा'मध्ये आनंद जरा कमीच असायचा, पण बाईंना वाटायचं, डॉक्टर माणसं अशीच, कोरडी.

एक गोष्ट मात्र बाईंच्या कधी ध्यानात आली नाही. त्या कोपऱ्यावरून गल्लीत वळल्या की बेकरीत टण्ण टण्ण असा आवाज व्हायचा. त्यांना वाटायचं, पाव काढताहेत. खरं म्हणजे बेकरीच्या आजी चिमट्यानं रिकामा ट्रे बडवायच्या, आणि तो आवाज ऐकला की गल्लीभर पालथी बाळं उताणी व्हायची आणि उशा कपाटात जायच्या. यात कुणाच्या मनात वाईट काही नव्हतं. सगळ्यांचा बाईंवर जीव होता. बाई एवढे जिने चढून येतात, त्यांना कशाला वाईट वाटू द्यायचं, एवढंच.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी पत्र आलं. निधीची मुदत संपत आहे. अमुक मंगळवारी सरकारी तपासनीस येऊन प्रत्यक्ष घरं पाहतील, वही तपासतील, आणि त्यांच्या अहवालावर उपक्रम पुढे चालवायचा की बंद करायचा ते ठरेल.

बाई दोन दिवस अर्धपोटी जेवल्या. यजमान म्हणाले, "एकेचाळीसपैकी एकेचाळीस. शाळेत असे मार्क मिळाले असते तर माझ्याशी लग्न केलं असतंस का? घाबरतेस कशाला?"

"बंद झालं तर मी दुसरीकडे काउंटरला उभी राहीन हो. पण डॉक्टरीणबाईंचं काम अर्ध्यावर राहील. आणि चष्मेवालीकडे कोण जाईल?"

यजमानांनी यावर विनोद केला नाही.

चष्मेवाली म्हणजे गल्लीच्या टोकाला चष्म्याचं दुकान चालवणारी तरुण बाई. नवरा काचा आणायला हिंडायचा, ही दुकानात बसून काचा घासायची, फ्रेमा जोडायची. दुकानाला लागूनच त्यांचं घर. अकरा महिन्यांपूर्वी त्यांची चार महिन्यांची मुलगी दुपारी झोपली ती उठली नाही. तेव्हापासून मागची छोटी खोली बंद होती. वहीतल्या या घराच्या पानावर बाईंनी काट मारली नव्हती. दर आठवड्याला जायच्या, आणि वहीच्या शेवटच्या पानांत 'बाळ: नाही' अशा मथळ्याखाली तारीख लिहायच्या. तारखेपुढे काय लिहावं ते कधी सुचलं नाही, म्हणून नुसतीच तारीख.

सोमवारी संध्याकाळी बाई तिथूनच परतत होत्या. चष्मेवाली त्या दिवशी जरा घाईत वाटली. जिन्यात तिसऱ्या मजल्यावरची सून भेटली, हातात चादरीचं भलंमोठं गाठोडं.

"धुवायला?"

"हो मावशी, म्हणजे... हो."

तिच्या मागे आणखी एक गाठोडं येत होतं, आणि त्याच्यामागे बेकरीच्या आजी रिकाम्या हातांनी सेनापतीसारख्या उभ्या होत्या. "तू घरी जा पोरी," त्या बाईंना म्हणाल्या, "आणि उद्या साडी नीट नेस."

मंगळवारी साहेब आले. उंच, किडकिडीत, नाकावरून सारखा घसरणारा चष्मा. बोलणं कमी. ढब्बूला मात्र त्यांनी दोन्ही हातांनी उचलून बघितलं आणि जपून परत पिशवीत ठेवलं, मान सांभाळून. बाईंना माणूस तिथेच निम्मा आवडला.

त्या दिवशी बेकरीचा ट्रे वाजायची गरजच पडली नाही. पहिल्या घरी बाळ उताणं, गादी सपाट. दुसऱ्या घरी बाळ उताणं. तिसऱ्या घरी बाळाचे आजोबा पलंगाशेजारी हात सरळ सोडून असे उभे होते, जणू कवायतीलाच बोलावलंय. "सिगारेट?" साहेबांनी विचारलं. "कसली?" आजोबा म्हणाले, आणि खोकले. सहाव्या घरातली सून साहेबांनी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "उशी आमच्याकडे कधीच नव्हती. आम्हाला उशी हा प्रकारच आवडत नाही." तिच्या मागच्या पलंगावर नवराबायकोच्या मिळून चार उशा होत्या.

बारा घरं झाली तेव्हा साहेब जिन्याच्या वळणावर थांबले. वही कठड्यावर ठेवली.

"बाई, माझ्या घरात माणसं दोन आणि उशा सात. माझी मान धरते म्हणून मलाच तीन लागतात. आणि तुमच्या एकेचाळीस घरांत बाळाची एकही नाही?"

"नाही साहेब."

"मग आता मी काय लिहू? सगळी घरं शिकली. काम फत्ते झालं. झालेल्या कामाला सरकार पैसे कशाला देईल?"

तीन वर्षं ज्या खुणांवर त्यांचा जीव जडला होता, त्याच खुणा आता त्यांना घरी बसवणार होत्या. 'सगळं ठीक नाही' असं म्हणावं, तर त्यांना स्वतःला तरी कुठे ठाऊक होतं?

साहेब वही चाळत शेवटाला आले. "हे काय? एकच घर, सत्तेचाळीस भेटी. 'बाळ: नाही.' बाळ नाही तर जाऊन करता काय?"

"चहा पिते."

"सरकारी वेळेत?"

"हो."

साहेबांनी चष्मा वर ढकलला. "चला. बघू या तो चहा."

दुकानात चष्मेवाली एकटीच होती. बाईंच्या मागे साहेबांना बघून तिच्या हातातला फडका थांबला. बाईंनी ओळख करून दिली आणि काही आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, "मी इथे येऊन नुसती बसते, ते त्यांना बघायचंय."

दुकानात बसायला एकच स्टूल होतं. चष्मेवालीनं स्टुलाकडे बघितलं, मग बाईंकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाली, "आत बसू या," आणि मागच्या छोट्या खोलीचं दार उघडलं.

बाई म्हणणार होत्या, अगं, ते दार नको. पण त्याआधीच दारातून एक पिवळं बदक घरंगळत आलं आणि साहेबांच्या बुटाशी थांबलं.

बदकाच्या आकाराची उशी होती ती. तिच्या मागे खोलीत उशांची रास होती. झालरीच्या, गोल, मधे खळगा असलेल्या, ससा काढलेल्या, एकीवर 'गाढ झोप' असं भरतकाम केलेलं. आणि प्रत्येक उशीला टाचणीनं एक चिठ्ठी. बेकरीच्या आजींचा कारभार चोख. एकीची उशी दुसरीकडे जाऊन भांडणं नकोत, म्हणून त्यांनी प्रत्येकीकडून पत्ता लिहून घेतला होता: 'तिसरा मजला, डावं दार.' 'पिठाच्या गिरणीवर.' 'पोस्टमनची बहीण.' सगळं बाड ठेवायला त्यांनी अख्ख्या गल्लीतलं असं एकच घर निवडलं होतं, जे तपासणीत येणार नाही. कारण तिथे बाळ नव्हतं.

उताणेबाई मट्कन खाली बसल्या. टण्ण टण्ण हा आवाज त्यांना आत्ता कुठे ऐकू आला, तीन वर्षांचा एकदम. त्यांनी बदक उचललं, उलटं केलं, शिवण बघितली.

"हे मी विकलंय," त्या म्हणाल्या. "आमच्या दुकानातलं आहे. हा ससापण. काउंटरला होते तेव्हा 'मऊ आहे, घ्या' असं सांगून विकायची मी. आपण विकलं ते आपणच काढून घ्यावं, म्हणून तर ही नोकरी धरली. आणि बघा, एक हललं नाही."

साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले, आणि चष्म्याचा सैल झालेला स्क्रू टप्पकन उशांमध्ये कुठेतरी पडला.

"थांबा, हलू नका," चष्मेवाली म्हणाली. तिनं दुसरा स्क्रू आणला, चष्मा घेतला आणि बारीक पेचकस घेऊन उशांच्या कडेला बसली. साहेबांना चष्म्याशिवाय काही दिसत नव्हतं. ते भिंत चाचपत तिच्यासमोर बसले. दुसरं करणार काय?

"आम्ही तिघं याच खोलीत झोपायचो, पण तिच्या पलंगात उशी कधी नव्हती," चष्मेवाली खाली मान घालून काम करत म्हणाली. "मावशींनी सांगितलं तसंच सगळं केलं मी. उताणी झोपवली होती. गादी कडक. खिडकीची फट उघडी. तरी गेली."

साहेबांनी विचारलं, "मग या शिकवण्याचा उपयोग काय?"

बाईंनी तोंड उघडलं, पण चष्मेवालीच बोलली. "मीही हेच विचारलं होतं. मावशींनी थातुरमातुर सांगितलं नाही. डॉक्टरीणबाईंना इथे घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, अशी झोपवली की धोका पुष्कळ कमी होतो, पण संपत नाही. उरलेलं का होतं ते अजून आम्हाला कळलेलं नाही. त्याचाच शोध चाललाय. तुमचं काही चुकलं नाही." तिनं स्क्रू बसवला, दांडी उघडझाप करून बघितली. "तोपर्यंत येणारे सगळे मला उत्तरं द्यायचे. नजर लागली म्हणे, दूध जास्त झालं म्हणे. 'माहीत नाही' म्हणणारी माणसं हीच पहिली. फार बरं वाटलं."

"आणि या सत्तेचाळीस भेटी?"

"येतात. चहा पितात. ढब्बूला मांडीवर ठेवतात आणि कुणाच्या सुनेनं कुणाला काय म्हटलं ते सांगतात. मला बोलावंसं वाटलं तर ऐकतात. आधी नातेवाईकही यायचे. मग काय बोलावं कळेना, म्हणून येईनासे झाले. यांना काय बोलावं असा प्रश्न कधी पडत नाही."

"माझी बडबडच फार," बाई पुटपुटल्या.

"काल आजी विचारायला आल्या, उशा ठेवू का म्हणून. अकरा महिने या दाराच्या कडीला माझा हात लागला नव्हता. काल दोन्ही हात उशांनी भरलेले, मागे दुकानात सहा बायका खोळंबलेल्या. कोपरानंच ढकललं." ती हसली, आणि मग हसायची थांबली. "आज उघडायचं नव्हतं, साहेब. पण मावशी खरं बोलल्या. आणि मला वाटलं, त्यांच्या वहीत हे खोटं तसंच राहिलं, तर ज्या घरात सांगायला हवं त्या घरात त्या पुन्हा सांगणारच नाहीत."

तिनं चष्मा पुसून साहेबांच्या हातात दिला. तो आता नाकावर पक्का बसला. साहेबांनी पेन काढलं आणि गुडघ्यावर वही ठेवली.

"बाई, एकेक चिठ्ठी वाचा."

"माझी नोकरी..."

"आधी वाचा."

बाईंनी वाचलं, साहेबांनी त्या त्या पानावरची बरोबरची खूण खोडून नवी नोंद केली. सव्वीस उशा, सव्वीस घरं. मधेच चष्मेवालीनं बेकरीच्या ट्रेचं गुपितही सांगून टाकलं. शेवटची चिठ्ठी 'बेकरीच्या मागे, धाकटी नात' अशी होती, आणि ती वाचून होतेय तोवर खुद्द आजी दारात येऊन ठेपल्या. गल्लीत बातमी पावापेक्षा लवकर पोचते.

"ट्रे तुम्ही वाजवता?" साहेबांनी विचारलं.

"ट्रे माझा आहे," आजी म्हणाल्या.

"उशी कशाला देता बाळाला?"

"डोकं चपटं होऊ नये म्हणून. आणि आमची पाच पोरं पालथी झोपूनच वाढली. काय झालं त्यांना?"

चष्मेवालीनं शांतपणे एक उशी उचलून आजींना बसायला जागा केली. आजींनी खोली बघितली, तिच्याकडे बघितलं, आणि बसल्या. शेजारच्या उशीची झालर चाचपत म्हणाल्या, "माझी एक बहीण होती म्हणे. माझ्या आधीची. दोन-अडीच महिन्यांची. झोपेतच. घरात कुणी तिचा विषय काढत नसे." मग पदरानं नाक पुसून, "पोरी, ते डोक्याचं काय मग? चपटं झालं तर?"

"जागं असताना पोटावर खेळवायचं, आपण समोर बसून," बाई म्हणाल्या. "झोपताना उताणं."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही आधी विचारलंत कधी? उशी नाहीच म्हणालात."

साहेबांना इतक्या वेळात पहिल्यांदा हसू आलं. उठताना त्यांनी बाईंना एवढंच सांगितलं की, एकेचाळीस खुणांवर त्यांना एक ओळ लिहिता आली असती, सव्वीस उशांवर आठ पानं लिहिता येतील. नोकरीचं काही बोलले नाहीत. चहा मात्र दोन कप प्यायले.

पुढचे तीन आठवडे बाईंनी उशा परत केल्या. स्वतः, एकेक, चिठ्ठीच्या पत्त्यावर. कुणाला रागावल्या नाहीत. उशी मांडीवर ठेवून नुसतं विचारायच्या, "ही कशासाठी लागते, ते तरी सांग." आणि बायका बोलू लागल्या. दूध उलटून श्वास अडकेल अशी भीती वाटते. सासूबाईंपुढे बोलता येत नाही. एवढी महाग, भेट आलेली, कपाटात कशी ठेवायची. तीन वर्षं ढब्बूला घेऊन बाई उत्तरं देत होत्या. प्रश्न त्यांना आत्ता कळले. डॉक्टरीणबाईंनी नवी पानं वाचली आणि खुर्चीतून उठून म्हणाल्या, "वा." हा 'वा' वेगळा होता.

दोन महिन्यांनी पाकीट आलं. पत्ता: 'श्रीमती उताणे.' निधी आणखी तीन वर्षांसाठी मंजूर. वहीत दोन रकाने वाढवायचे होते. एक, 'उशी असल्यास कारण.' दुसरा, 'बाळ नसलेली घरं: भेटी.' त्यापुढे कंसात साहेबांच्या हातचं होतं, 'चहा चालेल.'

यजमानांनी पत्र दोनदा वाचलं. "सव्वीस चुका निघाल्या आणि पास केलं. आमच्या वेळी असे मास्तर नव्हते."

आता रकान्यात कधी एकोणीस उशा असतात, कधी अकरा, एकदा सातपर्यंत आल्या आणि पुन्हा नऊ झाल्या. बेकरीचा ट्रे अजून वाजतो. बाई आल्या, प्रश्न काढून ठेवा, असा त्याचा अर्थ झालाय. आजोबांची सिगारेट जिन्यात गेली आहे, तिला आता गल्लीच्या टोकापर्यंत न्यायचा विचार आहे. बदक मात्र त्याच्या मालकिणीनं परत घेतलं नाही. ते चष्म्याच्या दुकानात स्टुलावर असतं, गिऱ्हाइकाला बसायला. छोट्या खोलीचं दार उघडं असतं. खिडकीशी काच घासायचं यंत्र आहे, कारण तिथे उजेड चांगला येतो, आणि भिंतीवर चार महिन्यांच्या मुलीचा फोटो आहे, जो आधी कुठेच लावलेला नव्हता.

गेल्या गुरुवारी इस्पितळातून निरोप आला. चार गल्ल्या पलीकडे, एका घरातलं बाळ गेलं होतं. बाई पिशवी घेऊन निघाल्या, तर चष्मेवाली दुकानाला कुलूप लावून पायरीवर उभी.

"मी येऊ?"

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. जुनी सवय, माप घ्यायची. मग पिशवीतून ढब्बूला काढून तिच्या हातात दिलं.

"केवढा जड झालाय हा," चष्मेवाली म्हणाली.

"खाऊनपिऊन सुखी आहे."

त्या घराच्या जिन्याशी ती थबकली. "मावशी, मी काय बोलू?"

"काही नको," उताणेबाई म्हणाल्या आणि पहिली पायरी चढल्या. "चहा आला तर घे."